न आलेला कोंब

सस्काटूनच्या आमच्या घरात पुढच्या पायऱ्यांच्या खाली, बेसमेंटमधून दार असलेली एक लहानशी खोली होती. तिला आम्ही थंड खोली म्हणायचो. तिथे हीटिंग नव्हतं. आधीच्या मालकांनी तिथे बटाटे, बीट आणि लोणच्याच्या बरण्या ठेवल्या असाव्यात, कारण फळ्यांवर बरण्यांच्या बुडांची वर्तुळं उमटलेली होती. आईने त्या फळ्या सोड्याच्या पाण्याने पुसल्या, खिळ्याला एक थर्मामीटर टांगला, आणि पहिल्याच हिवाळ्यात जाहीर केलं की बाहेर उणे पस्तीस असो की चाळीस, इथला पारा तीन-चार अंशांच्या खाली उतरत नाही. दार लावून घेतलं की घर तापवणाऱ्या भट्टीची घरघर, वरच्या स्वयंपाकघरातला मिक्सर, बाबांची हॉकीची मॅच, सगळं दूर जायचं. त्या अंधारात ओल्या वर्तमानपत्राचा आणि चिखलाचा वास यायचा. बाहेर बर्फाच्या चार-चार फुटी भिंती उभ्या असताना आमच्या घरात एका तळ्याचा वास असायचा, हे मी शाळेत कुणाला कधी सांगितलं नाही. तेव्हा लाज वाटायची.

तळं आईचं होतं. भंडाऱ्याच्या एका कॉलेजात ती बॉटनी शिकवत असे. सस्काटूनला आल्यावर तिने जागोजाग अप्लाय केलं, कागदपत्रं पाठवली, पुन्हा पाठवली, आणि शेवटी एका ग्रोसरी स्टोअरच्या बेकरीत लागली. पहाटे जायची आणि दुपारी घरी यायची तेव्हा तिच्या भुवयांना मैदा लागलेला असायचा. बाबा पोटॅशच्या खाणीत इंजिनिअर. चार दिवस खाणीवर, चार दिवस घरी. ज्या वर्षी आईने अप्लाय करणं सोडून दिलं त्या वर्षी तिने मागच्या अंगणात फावडं मारलं. दोन उन्हाळे ती खणत होती. खाली निघालेली काळी चिकणमाती तिने मुठीत दाबून मला दाखवली आणि म्हणाली, "बघ मिनू, डिट्टो आपल्या बोडीतली माती." बोडी म्हणजे आमच्याकडची शेतातली लहान तळी. मी ती पाहिली होती, पण आठवत मात्र नव्हती. मी तीन वर्षांची असताना आम्ही इकडे आलो.

तळं अडीच फूट खोल झालं. बाबांनी त्यात जाड रबरी कापड अंथरलं, कडेला दगड लावले, एक लहानसा पंप बसवला. उन्हाळाभर त्याची बुडबुड माझ्या खिडकीत ऐकू यायची. नर्सरीतून आणलेल्या चार वॉटर लिली होत्या आणि पाचव्या टोपलीत एक कमळ होतं. ते आबाजींचं. आबाजी म्हणजे आईचे वडील. ती त्यांना बाबूजी म्हणायची. भंडारा भागात जुन्या मालगुजारांनी बांधलेले तलाव आहेत, त्यांना मामा, म्हणजे माजी मालगुजारी, तलाव म्हणतात. अशाच तलावांच्या पाळींची, मातीच्या बांधांची, देखरेख करण्यात आबाजींची सगळी नोकरी गेली. त्यांनी कुणाबरोबर तरी कमळाच्या सात बिया पाठवल्या होत्या, काळ्या, गोटीसारख्या टणक. आईने एकेक बी पायरीच्या सिमेंटवर घासली, पाण्यात टाकली. सातांतली एक जगली. आबाजी एका उन्हाळ्यात आमच्याकडे आले तेव्हा भर जुलैत कानटोपी घालून त्या टोपलीजवळ घडीच्या खुर्चीवर बसून राहायचे. कमळाला फूल कधी आलंच नाही. इथला उन्हाळा त्याला पुरत नसे. पण ताटलीएवढी पानं यायची, आणि आबाजी त्यांच्यावर चमच्याने पाणी टाकून थेंब घरंगळताना बघायचे. "फुलाचं काय आहे," ते आईला म्हणाले, "इतक्या दूर येऊन पान धरलं त्यानं, हेच खूप झालं."

दर शरदात एक मोठं काम असायचं. पहिल्या दहिवराने, म्हणजे गोठलेल्या दवाने, पानं काळी पडली की आई बाबांचे गुडघाभर रबरी बूट घालून पाण्यात उतरायची, पानं कापायची, आणि आम्ही तिघं मिळून टोपल्या बाहेर ओढायचो. पाणी निथळलं की ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून, पिशवीत घालून त्या थंड खोलीत फळ्यांखाली ठेवायच्या. हिवाळाभर आई दर आठवड्याला जाऊन कागद ओला आहे ना ते बघायची. मेच्या सुरुवातीला ती एकेक कंद काढून अंगठ्याने दाबायची. घट्ट लागला तर जिवंत. मऊ लागला तर तेवढा भाग स्वयंपाकघरातल्या सुरीने पांढरा गर दिसेपर्यंत कापायचा आणि कापलेल्या जागी हळद दाबायची. मग नव्या चिकणमातीत लावून, कोमट पाण्याच्या टबात, बेसमेंटच्या खिडकीखाली. दहा-बारा दिवसांनी लालसर, सुरळी झालेला कोंब वर यायचा. त्या दिवशी आमच्याकडे पाटवडीचा रस्सा असायचा, एखाद्या सणासारखा. बाबा तिखटाने नाक पुसत म्हणायचे, "आला बुवा पाहुणा."

मी पंधरा वर्षांची असताना सप्टेंबरमध्ये मामाचा फोन आला. आबाजींना अर्धांगाचा झटका आला होता. आई तीन दिवसांत निघाली. सूटकेस भरता भरता ती मला तळ्याचं सगळं सांगत होती. पानं कुठून कापायची, कागद किती ओला, पिशवीचं तोंड किती उघडं. मी पलंगावर पडून "आय नो, आई, आय नो" म्हणत होते. विमानतळावरही सिक्युरिटीच्या रांगेतून ती मागे वळली. मला वाटलं, नीट राहा म्हणेल, अभ्यास कर म्हणेल. ती म्हणाली, "दहिवर पडलं की दुसऱ्याच दिवशी काढ बेटा. बाबाची वाट नको पाहू."

दहिवर लवकरच पडलं. त्या शनिवारी माझी व्हॉलीबॉलची मॅच होती. पुढच्या शनिवारी बाबा खाणीवर होते. त्याच्या पुढच्या शनिवारी मी बूट घालून काठापर्यंत गेले. पाण्यावर कुजलेली पानं तरंगत होती आणि वास इतका घाण होता की मी परत फिरले. हे मी इतक्या वर्षांनी लिहिते आहे, आणि अजूनही माझं मन एखादं बरं कारण शोधतं. तसं कारण नव्हतं. मला ते तळं आवडत नव्हतं. मैत्रिणींच्या आया वीकेंडला मॉलमध्ये न्यायच्या आणि माझी आई चिखलात उभी असायची, याचा मला राग होता. एवढंच.

दर रविवारी सकाळी आईचा फोन यायचा, तिकडे तेव्हा संध्याकाळ असायची. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिने विचारलं, "कुंड्या घेतल्या ना आत?" टोपल्यांना ती कुंड्याच म्हणायची. मी "हो" म्हणाले. त्याच दुपारी काढायच्या असं मी ठरवलं होतं, म्हणून ते मला खोटं वाटलंही नाही. पण एकदा सांगून टाकल्यावर काम झाल्यासारखंच वाटलं, आणि दुपार गेली. खरं म्हणजे त्यानंतरही वेळ होता. नोव्हेंबरभर वरचा बर्फ वीतभरच होता, खाली पाणी होतं. कुऱ्हाडीचे चार घाव घातले असते तर पाचही टोपल्या हाती लागल्या असत्या. पण तसं करायचं तर बाबांना सांगायला हवं होतं, आणि बाबांना सांगायचं तर आईशी खोटं बोलले हेही सांगायला हवं होतं. मग थंडी उणे तीसवर उतरली आणि तळ्यावर बर्फ साचला. कुठे तळं आहे आणि कुठे हिरवळ, काही कळेनासं झालं.

बाबांना डिसेंबरात कळलं. ते थंड खोलीत कांद्याचं पोतं ठेवायला गेले होते. वर आले, हात धुतले, आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "मिनू, तळ्यातल्या टोपल्या कुठे आहेत?"

"आय फरगॉट," मी म्हणाले.

ते खिडकीशी जाऊन मागच्या अंगणाकडे बघू लागले. रागावले असते तर बरं झालं असतं. पण बाबा रागावणाऱ्यांतले नव्हते. ते गप्प होणाऱ्यांतले होते. त्या रविवारी आईने फोन त्यांना द्यायला सांगितला. आबाजींचं गिळणं बंद होत चाललं होतं, नळीने दूध देत होते, ते सगळं तिने सांगितलं असावं, कारण बाबा नुसतं हं हं करत होते. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "हो," ते म्हणाले. "ठेवल्या. नीट ठेवल्या तिनं." फोन ठेवल्यावर ते म्हणाले, "आत्ता नको सांगायला. तिकडे काय कमी आहे का तिला. आली की सांगू." त्या दिवशी त्यांनी खिचडी केली, ती खाली लागली, आणि आम्ही दोघांनी ती जळकी खिचडी संपवली.

पुढे सोपं झालं. आई विचारायची, मी उत्तर द्यायचे. पारा किती? चार. कागद ओला आहे? हो, कालच शिंपडलं. वास येतो का? नाही. मी इतकी नीट खोटं बोलायला लागले की मला ती खोली डोळ्यांसमोर दिसायची, पिशव्या दिसायच्या, मी त्यांच्यावर पाणी शिंपडताना दिसायचे. आईला माझ्या मराठीचंही कौतुक वाटायचं. "किती छान सांगून राहिली गं," ती म्हणायची. त्याआधी मी तिच्याशी इतकं सलग मराठी कधीच बोलले नव्हते.

फेब्रुवारीतला एक रविवार. आईचा आवाज बसलेला होता. आबाजी दोन दिवस डोळे उघडत नव्हते. "ऐकू येतं त्यांना, डॉक्टर म्हणतात बोलत राहा. मी तुझ्याबद्दल सांगते, तळ्याबद्दल सांगते. कमळाचं कसं आहे गं? काही हालचाल?"

मी "कोंब आलाय" म्हणाले. का म्हणाले ते मला माहीत आहे. तिचा तो खचलेला आवाज ऐकवत नव्हता, आणि माझ्याकडे देण्यासारखं दुसरं काहीच नव्हतं.

"कोंब? आत्ता? अंधारात?"

"छोटासा आहे. बोटाच्या पेराएवढा."

मला वाटलं, पकडली गेले. मग ती स्वतःशीच म्हणाली, "दाराच्या फटीतून उजेड लागला असेल." आणि फोन हातात तसाच धरून ती ओरडली. तो आवाज आजही माझ्या कानात आहे. "बाबूजी! ऐकता का? कोंब आला! कमळाले कोंब आला तिकडं, बर्फात!" एरवी ती 'कमळाले' म्हणत नसे. ती घरातली, लहानपणची भाषा असावी. मागे मामा काहीतरी म्हणाला, खाट करकरली, मग आई फोनवर आली आणि रडत रडत म्हणाली, "डोळे उघडले, मिनू. डोळे उघडले त्यांनी. माझ्याकडे पाहिलं."

पुन्हा डोळे न उघडता नवव्या दिवशी आबाजी गेले.

आईचं परतीचं तिकीट एप्रिलच्या पहिल्या आठवड्याचं ठरलं तेव्हा बाबा कुऱ्हाड आणि लोखंडी पहार घेऊन तळ्यावर गेले. मीही गेले. मार्चचा शेवट होता, वर सूर्य होता आणि छपरावरून पाणी ठिबकत होतं, पण तळं तळापर्यंत दगड झालं होतं. आम्ही दोन दिवस फोडत होतो. टोपल्या बर्फात अशा रुतल्या होत्या की तीन तर निघताना मोडल्या. पाच मोठे गड्डे आम्ही टारपॉलिनवरून ओढत नेले आणि खाली बेसमेंटमध्ये कपडे धुण्याच्या सिंकमध्ये, बादल्यांमध्ये वितळायला ठेवले. दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तर घरभर वास होता, कुजलेल्या बटाट्यासारखा, त्याहून गोड.

बाबांनी शेजारच्या डोरीनला बोलावलं. डोरीन सत्तरीची, एकटी राहायची. तिचे आईवडील युक्रेनमधून येऊन इथे शेती करत होते आणि जमिनीतल्या कुठल्याही गोष्टीबद्दल तिला विचारावं असं आई मानायची. येताना तिने कांद्यात परतलेल्या पेरोगींचा, म्हणजे बटाटा भरलेल्या उकडलेल्या करंज्यांचा, डबा आणला होता. आधी तो नीट टेबलावर ठेवला, मग बाह्या सरसावून सिंकमध्ये हात घातला. एकेक कंद ती अंगठ्याने दाबत गेली. लिलीचे कंद तिच्या बोटांत पिठल्यासारखे फुटत होते. कमळाचा कंद, लांबट, केळ्यासारखा, बाहेरून अगदी शाबूत दिसत होता. मला वाटलं, आहे, हा आहे. तिने दाबला आणि सालीतून करडं पाणी बाहेर आलं. "मश इज मश, हनी," ती म्हणाली. लगदा झाला तो लगदाच. एका लिलीच्या गड्ड्यात अक्रोडाएवढा एक तुकडा तिला घट्ट लागला. तो तिने वेगळ्या वाटीत ठेवला. "हा कदाचित. पण मी आशा लावणार नाही."

विमानतळावरून येताना गाडीत सांगायचं असं बाबांनी कबूल केलं होतं. मी घरीच थांबले होते. गाडी लागल्याचा आवाज आला, दार उघडलं, आणि आईच्या चेहऱ्यावरून मला कळलं की बाबांनी सांगितलेलं नाही. ती खूप वाळली होती. केस तेलाशिवाय, भुरे. तिने मला पोटाशी धरलं, तिच्या कोटाला कापराचा वास येत होता, आणि मग कोट न काढताच ती म्हणाली, "चल, दाखव." आणि खाली निघाली. मी तिच्या मागे, बाबा माझ्या मागे. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर तिला वास आला असावा, कारण तिथे ती थांबली. थंड खोलीकडे न वळता ती सरळ सिंककडे गेली.

मोडक्या टोपल्या, बादल्यांमधलं काळं पाणी, हे सगळं तिने पाहिलं. तिने कमळाची साल उचलली. तिला विचारावं लागलं नाही ते काय आहे.

"कोंब कुठं आहे?" ती म्हणाली.

"नव्हता."

"नव्हता म्हणजे?"

"आय नेव्हर ब्रॉट देम इन, आई. टोपल्या आत आणल्याच नव्हत्या. बाहेरच होत्या."

बाबा म्हणाले, "अगं, मी गाडीत सांगणारच होतो…"

"तुम्हाला माहीत होतं?"

आई त्यांच्याकडे बघत राहिली, मग माझ्याकडे. तिचा हात अजून ती साल धरून होता आणि कोटाच्या बाहीवरून पाणी गळत होतं. मी रडायला लागले, सॉरी सॉरी म्हणायला लागले. ती माझ्यावर ओरडली नाही. अगदी हळू, एखादी गोष्ट स्वतःला समजावून सांगावी तशी ती म्हणाली, "मी आयुष्यात बाबूजींशी कधी खोटं बोलले नव्हते. एकदाही नाही. शेवटचं वाक्य तेवढं खोटं बोलले."

दुसऱ्या दिवशी डोरीन भेटायला आली. तिला सगळं कळल्यावर तिने आईचा हात हातात घेतला आणि म्हणाली, तुझे वडील आनंदात गेले, त्यांच्या दृष्टीने तो कोंब खराच होता. मलाही तेच म्हणायचं होतं. मी रात्रभर तेच वाक्य जुळवत पडले होते. आई तिला "थँक यू, डोरीन" म्हणाली. ती गेल्यावर आई मला म्हणाली, "त्यांनी आयुष्यभर तलावाच्या पाळीवर उभं राहून खरं पाणी मोजलं. त्यांना काय लहान पोरासारखं खुळखुळा देऊन निजवायचं होतं?"

मग आई कामाला लागली. तिला कमळ परत आणायचं होतं. तिला, बॉटनी शिकवलेल्या बाईला, ते येणार नाही हे आमच्या कुणाहीपेक्षा जास्त माहीत होतं. तरी तिने कमळाच्या गड्ड्यातला सगळा चिखल कापडाच्या गाळणीतून बोटाबोटाने गाळला, कुठे एखादा डोळा घट्ट राहिलाय का बघत. बेकरीतून यायची ती सरळ खाली. तीन नखाएवढे तुकडे तिला सापडले. ते तिने ताज्या मातीत लावले, हळद लावून, आणि तो लिलीचा अक्रोडाएवढा तुकडा चौथ्या टबात. वर दोन ट्यूबलाइट टांगल्या. रोज थोडं पाणी काढायचं, रोज थोडं कोमट पाणी घालायचं, तळहात बुडवून बघायचं. मी मदत करायला खाली गेले की ती सरकून जागा द्यायची, बादली धरू द्यायची. पण "किती गरम आहे बघ" असं तिने मला एकदाही म्हटलं नाही. मी हात घातला तरी माझ्यानंतर ती स्वतःचा हात घालायची.

बाबा एकदा म्हणाले, "मामाला सांगतो, नव्या बिया पाठवेल." ती म्हणाली, "ते दुसरं कमळ होईल. मी ह्याचं सांगितलं होतं." मग जरा वेळाने, टबाकडे बघतच म्हणाली, "उशिरानं का होईना, एक कोंब आला तर मी म्हणू शकते की खोटं नव्हतं, फक्त आधी सांगितलं गेलं." बाबा जिन्यावर बसून राहिले. आम्ही तिघंही त्या तळघरात होतो, ट्यूबलाइटी गुणगुणत होत्या, आणि वर स्वयंपाकघरात कुणी नव्हतं. त्या दिवसांत आमच्याकडे ब्रेड असायचा, दुकानातला उरलेला, आणि डोरीनच्या पेरोगी. कुणी फोडणी दिल्याचं मला आठवत नाही.

कमळाचे तुकडे दहा दिवसांत विरले. लिलीला मात्र मेच्या मध्यावर कोंब आला. आई आम्हाला बोलावायला वर आली नाही. मीच खाली गेले तेव्हा दिसला. लाल, सुरळीसारखा, मातीतून वर उठलेला. मी तिच्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता, भीती होती. चार दिवसांनी तो पृष्ठभागावर आला आणि डॉलरच्या नाण्याएवढं पान उघडलं. बाबांनी तिला न विचारता पाटवड्या करायला घेतल्या, त्या फसल्या, रस्साच तेवढा झाला. आई दोन घास जेवली. मला वाटलं, कमळ नाही तर निदान हे. एखादं तरी आम्ही जगवलं.

आठवड्यात ते पान पिवळं पडलं. आईने देठाला बोट लावलं आणि देठ हातात आला. तिने मातीत हात घालून तुकडा बाहेर काढला. तो आतून पोकळ होता. जेवढं बळ उरलं होतं तेवढं त्याने त्या एका पानात घातलं होतं, मुळं सुटलीच नव्हती. आईने टब उचलला, जिना चढली, मागचं दार पायाने ढकललं आणि सगळं पाणी चिखलासकट तळ्यात ओतलं. बर्फ कधीच वितळला होता, तळं हिरवं झालं होतं, त्यावर डास होते. जूनमध्ये तिने बाबांकडून ट्रकभर माती मागवली. आम्ही तिघांनी मिळून ते तळं बुजवलं. वर गवत पेरलं. ती जागा दर वसंतात थोडी खचायची आणि दर वर्षी बाबा तिथे एक पोतं माती टाकायचे.

आता मी मार्कहॅमला राहते. इथली थंडी सस्काटूनच्या मानाने लाडावलेली, आणि माझ्या अंगणात झाडं आहेत, पाणी नाही. लोक म्हणतात पंधराव्या वर्षी सगळेच खोटं बोलतात, आणि तेही खरं आहे. आई माझ्याशी कधी वाईट वागली नाही. डबा दिला, ताप आला तर उशाशी बसली, ग्रॅज्युएशनला साडी नेसून आली. फक्त ती माझं ऐकून थांबेनाशी झाली. मी शेगडी बंद केली म्हणाले की ती उठून बघायची. दार लावलं म्हणाले की कडीला हात लावून यायची. भांडण नाही, टोमणा नाही. उठायची आणि बघायची. घर सोडून जाईपर्यंत मला त्याची सवय झाली होती, किंवा झाली आहे असं मी समजत होते.

तळं बुजवल्यानंतर पाच-सहा वर्षांनी मी सस्काटूनच्याच युनिव्हर्सिटीत होते. आई मामाच्या मुलीच्या लग्नाला भंडाऱ्याला गेली होती, आणि इकडे खाणीवर बाबांच्या छातीत दुखू लागलं. त्यांना शहरात आणलं, त्याच दिवशी ऑपरेशन केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा शुद्धीवर आले. त्यांनी मला ओळखलं, पाणी मागितलं. मी कॉरिडॉरमध्ये येऊन लगेच आईला फोन लावला. मागे लग्नघराचा गलबला होता, कुणीतरी मोठा झारा शोधत होतं.

"आई, ऑपरेशन नीट झालं. बाबा शुद्धीवर आहेत. आत्ता माझ्याशी बोलले. पाणी मागितलं त्यांनी."

मला वाटलं, लाइन गेली.

"आई?"

"नर्स आहे का गं तिथं?"

"आहे. पण आई, खरंच, मी आत्ता…"

"दे ना बेटा तिला," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. अगदी मऊ, विनवणीचा आवाज होता.

मी फोन नर्सच्या हातात दिला आणि भिंतीला टेकून उभी राहिले. नर्सने तिला तेच सांगितलं. येस मॅम, ही इज अवेक. येस, ही नोज हिज डॉटर. येस, ही आस्क्ड फॉर वॉटर. माझीच वाक्यं मी तिच्या तोंडून एकेक करून ऐकत होते. आणि मग त्या फोनमधून, इतक्या लांबूनही, आई सुटकेने रडायला लागल्याचं मला ऐकू आलं.